तिसऱ्या भागातलं काकांचं काम

आमच्याकडचे अंतराळवीर उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये शिवले गेले. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती फिदीफिदी हसतात. हसू देत. मी तिथे उभी होते. जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात जाकिटांच्या अस्तराचं चंदेरी कापड उरलं होतं, त्याचे पाच झगे शिवले. डोक्यावर प्लास्टिकच्या बरण्या, वाण्याच्या दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या असतात तशा, तळ कापून उलट्या घातलेल्या. दोन मिनिटांत बरणीला आतून वाफ धरायची आणि अंतराळवीर चाचपडत भिंतीवर आदळायचा.

हा सगळा उद्योग कॅम्प तीनमधल्या एका सिंधी शेठजींचा. त्यांचं व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं ती. गणपतीत आमच्याकडची मंडळं आरतीनंतर मांडवात टीव्ही मांडून कॅसेट लावायची, आणि दरवर्षी तीच ती घासलेली चित्रं बघून लोक कंटाळले होते. शेठजींनी ठरवलं, आपणच मराठी सिनेमा काढायचा, व्हिडिओवर, दर गणपतीला एक भाग. आणि विषय अंतराळाचा. का, तर म्हणाले, "बहनजी, लव्हस्टोरी में गाना लगता है, फॅमिली में दागिना लगता है. स्पेस में क्या लगता है? खाली धुआँ!"

धूर होताच. अंबरनाथला एक बंद पडलेला कारखाना होता, त्याच्या बॉयलरच्या खोलीत यान उभं राहिलं. बदलापूरबाहेरची खडीची खाण म्हणजे परग्रह. खाणीत जेवायच्या सुट्टीत बसलेल्या बायका परग्रहावरच्या माणसांकडे बघून तोंडाला पदर लावायच्या.

मी त्यात कशी, ते सांगते. तेव्हा मी सत्तावीस-अठ्ठावीसची. अंबरनाथच्या एका कंपनीत टायपिस्ट, राहायला बदलापूरला हेंद्रेपाड्यात, आईबाबांबरोबर. ऑफिस सुटलं की कामगारांच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करायची. म्हणजे विंगेत वही घेऊन उभं राहायचं आणि नट अडला की त्याच्या वाक्याचे पहिले दोन शब्द असे द्यायचे की त्याला ऐकू जातील, पहिल्या रांगेला नाही. माझा आवाज त्याला अगदी बेताचा होता. फक्त एक खोड लागली होती. कुठलंही पाठ असलेलं वाक्य कानावर पडलं की माझे ओठ आपोआप त्याबरोबर हलायचे. देवळात कीर्तनाला बसले तरी हलायचे.

आणि काका. नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना काका म्हणायचे. तेव्हा सत्तरीला टेकलेले. उमेदीत फिरत्या नाटक कंपनीत होते, कंपनी बुडाली तेव्हा गिरणीत लागले, तिथून निवृत्त होऊन अंबरनाथला एका खोलीत एकटे राहायचे. कामगार नाटकांतली म्हाताऱ्यांची कामं तेच करायचे. एक गोष्ट आधीच कबूल करते. हा माणूस नट म्हणून केवढा मोठा होता, हे मी आजही नाकारत नाही. तेच तर दुखतं. फालतू असता तर मी दोन शिव्या हासडून विसरले असते.

शेठजींनी त्यांना यानाच्या कॅप्टनचं काम दिलं. काका म्हणाले, "करतो. पण ही पोरगी मागे बसेल." शेठजी म्हणाले, "काका, ये व्हिडिओ है, भूल गये तो फिर से लेंगे." काका म्हणाले, "मी विसरत नाही. मागे कुणीतरी आपलं माणूस आहे हे कळल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही." झालं. तेव्हापासून मी बॉयलरच्या मागे, गंजक्या पाइपांत अंग चोरून, वही घेऊन बसायला लागले. वर्षभर साडीवरचे गंजाचे डाग काढत होते.

पहिल्या दिवशी बॉयलरच्या खोलीत शिरताना काकांनी वाकून जमिनीला हात लावला आणि कपाळाला टेकवला. रंगमंचावर जाताना लावतात तसा. बरण्या घातलेली चार पोरं खिदळली. मग सीन आला. कॅप्टननं लाल बटण दाबायचं, यान हलणार. काकांनी विचारलं, "हे बटण कशाचं?"

"कशाचं पण," शेठजी म्हणाले.

"मग मी ते कशालाही दाबणार नाही."

शूटिंग तासभर अडलं. शेठजी वैतागले, पण काका ढिम्म. शेवटी त्यांनीच ठरवलं की यानाला भोक पडलंय, हे बटण दाबलं तर खालच्या खोलीची हवा बंद होणार आणि तिथे अडकलेला पोरगा मरणार, बाकीचे वाचणार. "चला," म्हणाले. आणि त्यांनी हात पुढे नेला. ते साध्या लाकडी फळीवर बसवलेलं दारावरच्या घंटीचं बटण होतं, मी ते दुकानातून आणताना बघितलेलं. पण तो हात त्या बटणापाशी जाऊन थांबला, मागे आला, झग्याला पुसला, आणि पुन्हा गेला, तेव्हा बॉयलरच्या मागे मी वहीचं पान उलटायचं विसरले.

गणपतीत पहिला भाग लागला. आमच्या मांडवात पहिला अर्धा तास लोक हसत होते. बरण्यांना हसले, धुराला हसले, एका पोराच्या झग्याखालून स्लीपर दिसली तिला तर टाळ्या पडल्या. मग काका आले. बटण आलं. शेजारच्या काकू प्रसादाची वाटी हातात धरून तशाच बसलेल्या. नंतर मला म्हणाल्या, "मेल्यानं रडवलं गं." आणि वर, "तुझे ओठ काय हलत होते सगळा वेळ? आता टीव्हीतल्या माणसाला पण सांगतेस का?" खूप हसलो आम्ही.

दुसऱ्या वर्षी मंडळवाले दुकानात येऊन एकच विचारायचे, "म्हातारा आहे ना?" म्हातारा होता. कथा टुकारच होती, यान त्याच पाइपांतून चाललेलं, पण कर्जतपर्यंत कॅसेट फिरली. शेठजींनी दुकानाबाहेर काकांचा फोटो लावला. मंडळांनी शाल-श्रीफळ दिलं. रांगोळीच्या पुड्या विकणाराही त्यांना "कॅप्टन" म्हणायला लागला. आणि मी मिरवत होते. माझे काका, म्हणायचे मी. माझ्या आवाजावर उभे राहतात.

आता बाबांचं सांगायला हवं.

बाबा अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते, उभा जन्म तिथे गेला. आमच्या बैठ्या चाळीत कुणाचा पंखा अडला, कुणाचा स्टोव्ह भडकला, की पहिली हाक बाबांना. निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांचं काहीतरी निसटायला लागलं. आधी नावं, मग वार, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, वयोमानानं होतं. साठीत कसलं आलंय वयोमान! सकाळी साडेसहाला उठून गेटपास शोधायचे. वर्तमानपत्राच्या चौकोनी घड्या करून उशीखाली ठेवायचे. पण एक गोष्ट त्यांच्यापाशी शेवटपर्यंत राहिली, ती म्हणजे अब्रू. कुणी काही विचारलं आणि कळलं नाही की मान हलवून म्हणायचे, "तेच म्हणतो मी." एवढं ठासून म्हणायचे की विचारणारा खूश होऊन जायचा. शेजारचे दारातून बोलून जायचे आणि आईला म्हणायचे, "वहिनी, भाऊ ठणठणीत आहेत की!"

आई तेच राखत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं पालुपद. बाबांना ती कुणासमोर फार वेळ बसू द्यायची नाही. नातेवाइकांना परस्पर कटवायची. "ज्या माणसाला सगळी चाळ मान देऊन बोलते, त्याला कुणी वेडा म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही," मला म्हणाली होती. त्या घरात दुसरं काही राखण्यासारखं नव्हतंच. एवढं एक होतं.

अशा घरात मी काकांना आणलं. मीच आणलं. दुसऱ्या भागाची वही त्यांना हवी होती, रविवारी आले, चहाला बसले. बाबा समोर. काकांनी काहीतरी हवापाण्याचं विचारलं, बाबा म्हणाले, "तेच म्हणतो मी." काका हसले नाहीत, दयाही दाखवली नाही. खुर्ची जवळ ओढून बसले आणि बोलत राहिले. बाबा खुलले. निघताना आईला म्हणाले, "येत जाऊ का अधूनमधून? मलाही एकट्याला रविवार खायला उठतो."

त्यानंतर सव्वा वर्ष काका दर रविवारी आले. येताना बाबांसाठी केळी आणायचे. दोघं मागच्या ओट्यावर बसायचे, काका बाबांचा पंजा आपल्या हातात घेऊन. बाबा आईला विसरले, मला विसरले, पण रविवारी दहाच्या सुमाराला दाराकडे बघत बसायचे. आई काकांना भावोजी म्हणायला लागली. आमच्या घरात असं कुणाला म्हणायची सोय नव्हती, बाबांना सख्खा भाऊ नाही. एकदा जेवायला वाढताना म्हणाली, "भावोजी, तुमच्यापाशी मला काही लपवावं लागत नाही, हेच मोठं सुख." काकांनी मान खाली घालून भात कालवला.

आता खरी गोष्ट. एक दिवस आईनं मला न्हाणीघरात बोलावलं, दार लावलं आणि पाण्याचा नळ सोडून रडली. आदल्या दुपारी ती बाबांना जेवण भरवत होती. बाबांनी तिचा हात धरला आणि अगदी अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही इतकं करता माझं. तुमच्या घरी तुमची कुणी वाट बघत नसेल का?" छत्तीस वर्षांचा संसार! आणि आई काय म्हणाली असेल? म्हणाली, "आजच्या दिवस राहते मी." एवढंच. आणि पुढचा घास दिला.

मला म्हणाली, "हे कुणाला बोलशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी बोलले. एक आठवडा कसाबसा काढला आणि पुढच्या रविवारी काकांना रिक्षापर्यंत सोडायला गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, "वहिनी खचलेल्या दिसतात. काय झालं?" बस. तेवढ्यानं मी रस्त्यात रडायला लागले आणि सगळं सांगितलं. काकांनी मला पिंपळाच्या पाराशी बसवलं. म्हणाले, "पुन्हा सांग. नीट, सावकाश. आधी ते काय म्हणाले? मग वहिनी काय म्हणाल्या?" मी पुन्हा सांगितलं. शब्दन् शब्द. सांगताना मी बघितलं, त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला हुंदका आवरत नाहीये. अगं मूर्ख मुली! जन्मभर प्रॉम्प्टिंग केलंस आणि समोरचा वाक्य पाठ करून घेतोय हे तुला ओळखता आलं नाही!

तिसऱ्या भागाच्या वेळी काका म्हणाले, "या खेपेला तू नको येऊस. तुझ्या घरी तुझी गरज आहे. आणि मला पाठ आहे सगळं." मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. आमची किती काळजी, असं आईला कौतुकानं सांगितलं. चाळीतही सांगून ठेवलं, या वर्षी मला कथासुद्धा माहीत नाही, मीही तुमच्यासारखी कोरी बघणार.

त्या गणपतीत पाचव्या दिवशी कॅसेट आली. आरती आटोपून आठ वाजता मांडव भरला. आई बायकांच्यात दुसऱ्या रांगेत, मी तिच्या शेजारी. बाबांना घरी झोपवून कडी लावून आलो होतो. आईला यायचं नव्हतं, मीच ओढून आणलं. "भावोजींचं काम आहे, चल."

कॅप्टन पृथ्वीवर परत येतो, अशी कथा. बारा वर्षं अंतराळात राहून त्याची सगळी आठवण पुसली गेलीय. सरकारी शास्त्रज्ञ त्याला प्रश्न विचारतात. पहिल्याच प्रश्नाला काकांनी जरा मान हलवली आणि ठासून म्हणाले, "तेच म्हणतो मी."

मांडवात हशा पिकला. आणि मग मध्येच थांबला. मला तो थांबलेला ऐकू आला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अरे, हे तर आपले भाऊ."

त्यापुढे मी सिनेमा बघितला असं म्हणता येणार नाही. कॅप्टन पास शोधत होता. कॅप्टन कागदाच्या चौकोनी घड्या करत होता, बाबांसारखी प्रत्येक घडी अंगठ्याच्या नखानं दाबत. चालताना भिंतीला हात लावून चालत होता. ओट्यावर बसून बाबांचा पंजा हातात धरणारे ते काका! तो पंजासुद्धा त्यांनी उचलला होता, बोटं जराशी आत वळलेली, तशीच. नखशिखांत बाबा. चंदेरी झग्यात माझे बाबा, आणि सगळी आळी त्यांच्याकडे बघतेय. ज्यांच्यासमोर आईनं त्यांना दोन वर्षं दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू दिलं नाही, ती सगळी आळी.

मग कॅप्टनच्या बायकोचा सीन आला. म्हातारी झालेली बायको त्याला भात भरवतेय. मला कळलं. देवा, हे नको, हे एवढं नको, असं मी मनात म्हणत होते. काकांनी तिचा हात धरला आणि त्या आवाजात, ज्याला मी दोन वर्षं बॉयलरमागून आधार दिला, त्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही इतकं करता माझं. तुमच्या घरी तुमची कुणी वाट बघत नसेल का?"

अख्खा मांडव रडत होता. पुरुष रडत होते. इतकं सुंदर काम मी जन्मात पुन्हा बघितलं नाही. ती नटी म्हणाली, "आजच्या दिवस राहते मी." आणि मी शेजारी बघितलं, तर आई पडद्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझे ओठ हलत होते.

सिनेमा संपल्यावर बायका आईभोवती जमल्या. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी म्हणालं, "वहिनी, एवढं सोसत होतात आणि बोलला नाहीत?" आई ताठ उभी राहिली. "छान काम केलं भावोजींनी," म्हणाली. सगळ्यांशी बोलली, प्रसाद घेतला आणि घरी आली. कडी काढली, बाबांचं पांघरूण सारखं केलं. मग स्वयंपाकघरात मला म्हणाली, "तुला पाठ होतं."

"आई, शप्पथ, मला काही माहीत नव्हतं. मी वही बघितलीच नाही यंदा. ती नुसती माझी खोड आहे..."

"वही बघितली की नाही ते नाही विचारत. त्यांना ते सांगितलं कुणी? मी? की ह्यांनी?"

म्हटलं, "मी."

ती ओरडली असती, मारलं असतं, तर परवडलं असतं. तिनं दूध झाकलं, दिवा बंद केला आणि बाबांच्या खोलीत जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी अंबरनाथला काकांच्या खोलीवर गेले. रागानं पेटले होते. खोलीत तीन मंडळांचे हार खुंटीला लटकत होते. मला बघून म्हणाले, "ये बाळ. बघितलंस?"

"बघितलं. केसानं गळा कापलात काका."

त्यांनी खुंटीवरचा एक हार सारखा केला. मग म्हणाले, "वाईट वाटलं तुला?"

"वाटलं? माझ्या आईनं तुम्हाला भावोजी म्हटलं. सव्वा वर्ष तुम्ही आमच्या ताटात जेवलात. ते काय होतं, तालीम?"

"येत होतो ते खोटं नव्हतं," ते म्हणाले. "पण बघत होतो, तेही खोटं नाही. मला दोन डोळे वेगळे ठेवता येत नाहीत गं. आईच्या चितेपाशीसुद्धा मी बघत होतो की रडताना माझा खांदा कुठला हलतो." आणि मग, हे मी कधी विसरणार नाही, जरा मान वर करून म्हणाले, "तुझ्या वडिलांना मी मोठं केलं. काल माणसं रडली त्यांच्यासाठी. एरवी कोण रडलं असतं?"

"आम्ही," मी म्हटलं. "आम्ही दोघी होतो ना रडायला. आम्हाला गर्दी नको होती."

त्यावर अडलेला नट विंगेकडे बघतो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. या खेपेला मी शब्द दिला नाही.

खाली उतरले तर शेठजी रिक्षातून पेढ्यांचा पुडा घेऊन येत होते. आनंदात होते बिचारे, त्यांना काय ठाऊक. "बहनजी, थर्ड पार्ट का पूरा आयडिया काका का. साल भर पहले ही बोले थे, मेरे पास एक आदमी है." मग आवाज खाली आणून अगदी आपुलकीनं विचारलं, "वैसे ऐसे आदमी का आगे क्या होता है? चौथ्या भागाला लागेल ना." मी पेढा घेतला नाही. एवढं मात्र कळलं, की काका पहिल्यांदा ओट्यावर बसले ते दया आली म्हणून की कथा दिसली म्हणून, हे आता मला कुणीच सांगू शकणार नव्हतं. काकासुद्धा नाही.

पुढच्या रविवारी ते आले. हातात केळी होती. आई दारात गेली. आतून बाबांच्या खाकरण्याचा आवाज स्पष्ट येत होता. आई म्हणाली, "हे झोपलेत." काका म्हणाले, "वहिनी..." आई म्हणाली, "उन्हाचे आलात, पाणी देऊ?" त्यांनी मान हलवली आणि गेले. पुन्हा आले नाहीत. बाबा मात्र कितीतरी रविवार दहा वाजता दाराकडे तोंड करून बसत होते, आणि आई खुर्ची फिरवून भिंतीकडे करायची. त्यांचा एकुलता एक सोबती गेला होता, आणि तो का गेला हे त्यांना सांगूनही कळलं नसतं. माझं काकांशी खरं भांडण या रविवारांचं आहे.

चौथा भाग निघाला नाही. लोकांच्या घरात केबल आली, मांडवातला टीव्ही गेला, शेठजींनी दुकानात जीन्सचा माल भरला. पण आमच्याकडे अजूनही कुणी जुनं माणूस भेटलं की त्या तिसऱ्या भागाचं नाव काढतं. "काय काम केलं होतं म्हाताऱ्यानं!" मी म्हणते, "हो. काम मोठं होतं."

आई माझ्याशी वाईट वागली असं कुणी म्हणू शकणार नाही. डबा देत होती, साडीला फॉल लावून देत होती. भाजी, पाणी, लाइटबिल, सगळं बोलायची. फक्त बाबांचं बोलायची नाही. रात्र कशी गेली विचारलं की "बरी." काही म्हणाले का विचारलं की "काय म्हणणार?" मी घरी आले की खोलीतून बाहेर यायची आणि दार ओढून घ्यायची.

बाबा गेले ते दोन वर्षांनी, मंगळवारी सकाळी. मी ऑफिसात होते. धावत आले तोवर शेजारपाजारचे जमले होते. दिवस वगैरे झाल्यावर शेजारच्या काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एक बरं झालं बघ. त्या दिवशी सकाळी भाऊ चांगले शुद्धीवर होते. बराच वेळ बोलत होते दोघं. तुझ्या आईला नावानं हाक मारलेली मी भिंतीपलीकडून ऐकली. हसली पण ती."

नावानं! मी तशीच आईकडे गेले. "आई, बाबांनी तुला ओळखलं? काय म्हणाले?"

"पाणी मागितलं," आई म्हणाली.

त्यानंतर आई आठ वर्षं जगली. मी लग्न केलं नाही, तिच्याजवळच राहिले. शेवटच्या आजारात मीच तिला भरवत होते, मीच न्हाऊ घालत होते. एक दिवस दुपारी ती जरा हुशारीत होती, तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, "आई, मी चुकले. पण ते माझेही वडील होते. त्या सकाळी काय बोलले, एवढं सांग. मी कुणाला नाही सांगणार."

आईनं माझ्या केसांवरून हात फिरवला. म्हणाली, "ते माझ्यापुरतं राहू दे."

रागावून नाही म्हणाली. रागावून म्हणाली असती तर मी भांडले असते.